गाळ मे महिन्यात, पैसा मार्चमध्ये : एका पाझर तलावाच्या निधीचं प्रकरण

पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं हे गाव. गावाचं, तलावातला गाळ काढणाऱ्या तिथल्या मंडळाचं आणि निधी देणाऱ्या कंपनीचं नाव दिलेलं नाही. कामाचे आणि खर्चाचे आकडे ठोकळ आहेत, घटनाक्रम मात्र घडला तसाच. या प्रकरणात मंडळाच्या कागदपत्रांच्या कामात मी सुरुवातीपासून होतो.

गावाच्या वरच्या अंगाला १९७२च्या दुष्काळी कामावर बांधलेला पाझर तलाव आहे. जुनी माणसं त्याला ‘बहात्तरचा तलाव’ म्हणतात. भिंत अजून शाबूत आहे, पण पन्नास वर्षांत डोंगरावरची माती येऊन तलाव बशीसारखा उथळ झालाय. पाऊस बरा झाला तरी संक्रांतीनंतर पाणी टिकत नाही आणि खालच्या विहिरी होळीच्या आत तळ गाठतात. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला बाहेर पडलेली माणसं गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात.

मंडळ मूळचं गणेशोत्सवाचं. २०१९ मध्ये पोरांनी धर्मादाय कार्यालयात रीतसर नोंदणी केली. त्याच उन्हाळ्यात गावाने जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेसाठी श्रमदान केलं होतं आणि त्या उत्साहात ‘आपली संस्था पाहिजे’ असं ठरलं. उत्साह ओसरला, पण एक चांगली सवय उरली. दर हिवाळ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे दोन-तीन वनराई बंधारे घालायचे आणि त्याचा खर्च लेखापरीक्षणात ‘जलसंधारण’ या नावाखाली दाखवायचा. एखाद्या वर्षी तो खर्च जेमतेम काही हजार होता. या सवयीचा उपयोग पुढे झाला.

२०२३चा पावसाळा कोरडा गेला आणि २०२४च्या जानेवारीत तलावाचा तळ दिसू लागला. तलाव आटणं वाईटच, पण गाळ काढायचा तर अशीच साल लागते. मंडळाने माझ्याकडे एकच प्रश्न आणला : निधी कुठून मिळंल?

अडचण

निधी कुठून मिळेल, याची यादी एका बैठकीत तयार झाली. खरी अडचण यादीतली नव्हती, कॅलेंडरातली होती.

गाळ काढायला चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. तलाव कोरडा हवा. शेतं रिकामी हवीत, म्हणजे ज्वारी-हरभरा निघालेला हवा. ट्रॅक्टर गावात हवेत; इथले बहुतेक ट्रॅक्टर-ट्रॉल्या साखर कारखान्यांच्या वाहतूक करारावर असतात, हंगाम बंद झाल्याशिवाय ते घरी येत नाहीत. चौथी गोष्ट पाऊस, तो आलेला नको. या चारही अटी पाळणारे दिवस एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतच मिळतात.

आता पैशाचं कॅलेंडर बघा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा २ ऑक्टोबरनंतरच्या ग्रामसभांत ठरतो. कंपन्यांचं सामाजिक दायित्वाचं वर्ष, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, ३१ मार्चला संपतं. सरकारी योजनेत आधी मागणी, मग सर्वेक्षण, मग जिल्हा समितीची मान्यता, मग काम आणि बिल सगळ्यात शेवटी. यातला एकही पैसा एप्रिल-मेमध्ये हातात पडेल अशा बेताने आखलेला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये नव्याने राबवायला घेतली. संस्थेला यंत्र आणि इंधनासाठी घनमीटरमागे ३१ रुपये मिळतात. अत्यल्प आणि लहान भूधारकांना गाळ वाहून नेऊन पसरण्यासाठी घनमीटरमागे ३५.७५ रुपये मिळतात. मर्यादा एकरी १५,००० आणि जास्तीत जास्त ३७,५०० रुपये. वाळू काढायची नाही, मूळ तळाच्या खाली जायचं नाही.

३१ रुपये ऐकायला बरे वाटतात. पोकलेनवाल्यासमोर बसून हिशेब केला तेव्हा चित्र वेगळं दिसलं. भाडं आणि डिझेल मिळून यंत्राचा खर्च तासाला २,३०० रुपयांच्या आसपास. म्हणजे तासाला ७४-७५ घनमीटर गाळ भरला तरच भागतं. सरकार घनमीटरमध्ये बोलतं, ट्रॅक्टरवाला ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर आणि ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. तेव्हा तासाला २६ ट्रॉल्या, म्हणजे सव्वादोन मिनिटाला एक. शेतात जाऊन, रिकामी करून परत यायला वीस मिनिटं धरली तरी नऊ ट्रॅक्टर सतत फिरते हवेत. एक जरी चहाला थांबला तरी पोकलेन डिझेल जाळत उभी. त्यात खोदलेला गाळ फुगतो, आणि बिल ट्रॉल्यांवर निघत नाही, तलावातल्या मोजमापावर निघतं. म्हणून प्रत्यक्षात ट्रॉल्या तासाला तीसच्या पुढे लागतात. हा हिशेब पोरांनी तलावावर, खडूने पोकलेनच्या बकेटवर मांडला होता.

दुसरा पर्याय सीएसआर. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०२१ पासून हा पैसा घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते आणि त्याआधी तेव्हाच्या आयकर कायद्यातली १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागत होती. मंडळाकडे यातलं काहीच नव्हतं.

आमदार निधीचा विचार आम्ही फार केला नाही. तो पैसा यंत्रणेमार्फत ठेकेदाराकडे जातो, मंडळाच्या हातात काही येत नाही, आणि निवडणूक तोंडावर होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) हिश्श्यातून पावसाच्या पाण्याच्या कामाला वाट होती, पण गावचा आराखडा मंजूर होऊन बसला होता. सरपंचबाई स्पष्ट म्हणाल्या, “आता नाही जमायचं, भाऊ. पुढच्या आराखड्यात घ्यायचं तर ऑक्टोबरच्या ग्रामसभेला माणसं घेऊन या.”

उरली लोकवर्गणी. गावची बरीच पोरं चाकण-भोसरीला कामाला आहेत, एक जण दुबईत. त्याच्या पैशाला विदेशी निधीचा कायदा लागतो का, यावर बैठकीत बराच खल झाला. तो भारतीय नागरिक आहे आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवतोय, म्हणून ती विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याने पाठवले असते तर मामला वेगळा होता.

पहिला निर्णय : मार्चचं बिल

फेब्रुवारी २०२४च्या शेवटी एका कंपनीच्या सीएसआर विभागातून फोन आला. वर्षाचा काही निधी शिल्लक होता. तुमची नोंदणी नसेल तर शहरातल्या एका मोठ्या संस्थेच्या नावाने देऊ, ती तुम्हाला देईल. अट एकच : ३१ मार्चच्या आत बिलं. काम मेमध्ये झालं तरी हरकत नाही, बिलावर तारीख मार्चची असली म्हणजे झालं.

बैठकीत दोन तट पडले. अध्यक्षांचं म्हणणं, “पैसे दारात आलेत आन् आपण कायदा सांगायलोत?” सचिवाची बायको ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या महिला बचत गटांच्या संघात, लेखापाल आहे. तिने विचारलं, “मार्चच्या बिलावर पोकलेनचे तास कुठले लिहिणार? मार्चमधी तर तलावात गुडघाभर चिखल हाय.” या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं.

मंडळाने तो निधी नाकारला. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. नीतीची बाजू आहेच, पण व्यवहाराने बघितलं तरी सौदा वाईट होता. कंपनीने संस्थेला पैसे दिले म्हणजे ते खर्च झाले असं कायदा मानत नाही. संस्थेने प्रत्यक्ष वापरले तरच खर्च धरला जातो. पडताळणी झाली असती तर मधली संस्था हात वर करून मोकळी आणि खोट्या तारखेच्या बिलावर सह्या मंडळाच्या.

नाकारताना त्यांनी एक गोष्ट छान केली. नुसतं ‘नको’ न म्हणता पत्र लिहिलं. नियमांत ‘चालू प्रकल्प’ म्हणून तरतूद आहे. काम एका आर्थिक वर्षात संपणारं नसेल तर कंपनीचं संचालक मंडळ ते चालू प्रकल्प म्हणून मंजूर करू शकतं. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. ‘आमचं काम दोन उन्हाळ्यांचं आहे, पुढच्या वर्षी या मार्गाने विचार व्हावा,’ एवढंच पत्रात होतं. उत्तर आलं नाही, पण पत्र फाइलला लागलं.

२०२४चा उन्हाळा

सरकारी योजनेत मागणी गेली होती. ग्रामपंचायतीचा ठराव झाला, सर्वेक्षणही झालं. मान्यतेची वाट बघता बघता १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सुरू न झालेलं काम तिथेच अडकलं. धाराशिवचं मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. उन्हाळा गेला.

मंडळाने लोकवर्गणीवर तलावाचा एक कोपरा उपसला. काम छोटं होतं, पण त्याने तीन गोष्टी मिळाल्या : तासाला किती ट्रॉल्या भरतात याचा खरा अनुभव, आधी-नंतरचे फोटो आणि मोजमाप, आणि गाळ टाकलेली आठ-दहा शेतं, जी पुढे कुणालाही दाखवता आली.

त्याच महिन्यांत कागदांचं काम चाललं होतं, आणि तिथे गाठ बसली ती जुन्या सचिवाची. तो २०२१ मध्ये पुण्याला गेला. नवा सचिव निवडला गेला, पण त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात कुणी दिलाच नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो नव्वद दिवसांत द्यायचा असतो. त्यामुळे कागदोपत्री सचिव जुनाच, बँकेत सहीही त्याचीच. मराठवाड्यात मी बघितलेल्या दर दुसऱ्या मंडळाची हीच कथा. विलंबाचं कारण देऊन अर्ज दाखल केला, तो जूनमध्ये मंजूर झाला. मग जुलैमध्ये आयकराकडे १२ए आणि ८०जीसाठी अर्ज. आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला १ ऑक्टोबर २०२३ पासून तात्पुरत्या नोंदणीची सोपी वाट राहिलेली नाही. १०एबी अर्ज भरून थेट पडताळणीला सामोरं जावं लागलं. आयकर कार्यालयाने तीन वर्षांचे हिशेब आणि कामाचे पुरावे मागितले. वनराई बंधाऱ्यांची ती किरकोळ खर्चाची नोंद इथे कामाला आली.

आदेश जानेवारी २०२५ मध्ये आले. सीएसआर-१ क्रमांक फेब्रुवारीत मिळाला. त्याच दिवशी जुन्या पत्राची प्रत जोडून कंपनीला मेल गेला. यावेळी फोनवर वेगळा अधिकारी होता. त्याने पत्र वाचलं होतं. मार्चमध्ये कंपनीने गाळाचं काम चालू प्रकल्प म्हणून मंजूर केलं.

दुसरा निर्णय : एका तलावात दोन निधी

दरम्यान सरकारी मान्यताही मिळाली. पंचवीस वर्षं कुणी ढुंकून न बघितलेल्या तलावाला आता दोन धनी झाले. एकाच गाळाचे पैसे दोघांकडून घेतले तर तो सरळ घोटाळा. काहींनी सुचवलं की सरकारचे पैसे उपशाला आणि कंपनीचे वाहतुकीला वापरू. पण लहान शेतकऱ्यांना वाहतुकीचं अनुदान योजनेतूनच मिळणार होतं, म्हणजे गुंता तिथेही होताच.

शेवटी तलावच वाटून घेतला. जलसंधारण विभागाच्या अभियंत्यांसमोर चुन्याच्या फक्कीने तळावर आडवी रेघ मारली, दोन्ही टोकांना दगडी खुणा पुरल्या. ओढ्याकडची बाजू योजनेची, सुमारे ८,००० घनमीटर. भिंतीकडची कंपनीची, त्याहून थोडी कमी. मोजमापवही, ट्रॉल्यांचं रजिस्टर, डिझेलच्या पावत्या, सगळं दोन-दोन. पोकलेन रेघ ओलांडून गेली की रजिस्टरचं पान बदलायचं. वाऱ्याने रेघ पुसली जायची, मग पोरं रोज सकाळी ती पुन्हा ओढायची.

तिसरा निर्णय : डिझेल कुणाचं

कंपनीचा पहिला हप्ता वेळेवर आला. सरकारचं बिल मात्र मोजमाप झाल्यावर, म्हणजे काम संपल्यावर मिळणार. ३१ रुपयांच्या दराने ते अडीच लाखांच्या आत बसत होतं. तोवर रोजचं डिझेल कोण भरणार? कंपनीचे पैसे तात्पुरते वळवायची सूचना आली आणि लगेच मागेही घेतली गेली; दोन वह्या मग कशाला ठेवल्या होत्या?

मंडळ ग्रामसंघाकडे गेलं. बायकांच्या बचतीतून महिनाभरासाठी उसने द्यावेत, अशी विनंती. अध्यक्षबाईंनी विचारलं, “बिल कवा येणार?” पोरांनी सांगितलं, सरकारचं बिल हाय, येईल. त्या म्हणाल्या, “दादा, तुमचं काम चांगलंय. पण ‘येईल’ ही तारीख नसती. आमच्या बायकांच्या हप्त्याला तारीख असती.” ग्रामसंघाने नकार दिला. मला तो अगदी योग्य वाटला.

तोडगा निघाला पोकलेनवाल्याशी. भाडं बिल आल्यावर घ्यायचं, डिझेल मात्र रोज रोख. डिझेलसाठी लोकवर्गणीचे दीड-एक लाख वापरायचे आणि बिल आलं की ते पुन्हा त्याच खात्यात भरायचे. वर्गणी एकूण खर्चाच्या मानाने लहान होती. पण दोन्ही मोठ्या निधींना अटी आणि तारखा होत्या, हिला एकही नव्हती. काम चाललं ते या बिनअटीच्या पैशावर.

काय झालं

योजनेची बाजू मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जवळपास पूर्ण झाली. कंपनीची बाजू निम्मी झाली आणि पाऊस आला. २०२५चा मे महाराष्ट्रात विलक्षण ओला गेला, मान्सूनही लवकर दाखल झाला. पोकलेन रुतायच्या आत बाहेर काढली. कंपनीचे उरलेले पैसे परत गेले नाहीत, कारण मंजुरी चालू प्रकल्पाची होती. ती नसती तर पुन्हा घाईची बिलं आलीच असती.

सरकारी बिल पावसाळा संपल्यावर जमा झालं. मोजमाप ट्रॉल्यांच्या रजिस्टरपेक्षा बरंच कमी निघालं, फुगवट्याचा अंदाज असूनही. पोकलेनवाल्याने घासाघीस करून थोडं सोडलं.

शेतकऱ्यांच्या अनुदानाचं चित्र मिश्र राहिलं. ब्रासमागे ते साधारण १०१ रुपये पडतं आणि एका खेपेचं भाडं त्याच्या अडीच-तीनपट होतं. तरी लोकांनी गाळ नेला, कारण मुरमाड रानावर तो पडला की फरक डोळ्यांना दिसतो. अडचण आली तीन विधवा बायकांची. योजनेत त्यांचा विचार आहे, पण सातबारा अजून मयत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. वारसाचा फेरफार वेळेत झाला तो दोघींचा. तिसरीच्या दिरांनी हरकत घेतली आणि तिने नेलेल्या गाळाचा भार तिच्यावरच पडला.

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत तलाव भरून सांडवा दोन दिवस वाहिला. भिंत टिकली. ओढ्याकाठच्या चार-पाच शेतांतला नवा गाळ जुन्या मातीसकट खरडून गेला. विहिरींना आज पाणी आहे, पण अशा पावसाच्या वर्षी ते कुठे नसतं? ते श्रेय गाळ काढण्याला देणं घाईचं होईल. कमी पावसाचं वर्ष आल्यावरच खरं कळेल. कंपनीच्या अहवालात ‘पाणीपातळी वाढली’ असं वाक्य घालायला मंडळाने नकार दिला आणि फक्त उपसलेल्या गाळाचा आकडा दिला. अधिकारी थोडा नाराज झाला, अहवाल मात्र स्वीकारला गेला.

वेगळं काय करता आलं असतं

बदल अर्ज २०२१ मध्येच गेला असता तर आयकराची नोंदणी २०२३ मध्ये झाली असती आणि फेब्रुवारी २०२४च्या त्या फोनला मंडळ स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अटींवर उत्तर देऊ शकलं असतं. एक पूर्ण उन्हाळा वाचला असता.

वारसनोंदी हे हिवाळ्यातलं काम आहे. गाळ मागणाऱ्यांची यादी डिसेंबरमध्येच केली आणि प्रत्येकाचा सातबारा, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), आधार जोडलेलं बँक खातं तपासलं, तर कोण अडकणार ते चार महिने आधी कळतं. यंदा तसं केलं आहे.

ओढ्याकाठच्या शेतांना गाळ द्यायचाच नव्हता, असं आता काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. एवढा पाऊस गृहीत धरून कुणी रान आखत नाही. आधी बांधबंदिस्ती, मग गाळ, हा क्रम मात्र ठेवता आला असता, आणि बांधाचं काम रोजगार हमीत बसत होतं.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मंडळ माणसं घेऊन गेलं. तलावाच्या सांडव्याची दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आली आहे. कंपनीच्या बाजूचा उरलेला गाळ एप्रिल २०२६ मध्ये काढायचा बेत ठरला. वर्गणीच्या पैशावरून एक वाद झाला : बिल आलंय, तर देणाऱ्यांना परत करायचे का? चाकणच्या पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच सांगून टाकलं की परत नकोत. आता ते पैसे वेगळ्या खात्यात आहेत. डिझेलशिवाय दुसऱ्या कशाला ते काढायचे नाहीत, असा ठराव आहे, आणि खात्यावर एक सही ग्रामसंघाच्या लेखापाल बाईंची आहे.